छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक रोजच्या वापराला चालेल का? साताऱ्यातल्या माणसानं कशी तपासावी

हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता साताऱ्यात बऱ्यापैकी दिसायला लागल्यात, आणि ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेतलेला एखादा पाहुणा लग्नात भेटला की सगळे त्याला एकच विचारतात, फुल चार्जला किती जाते? माझ्या मते हा तिसरा प्रश्न झाला. पहिला म्हणजे रात्री गाडी कुठं लावणार आणि तिथं प्लग आहे का, दुसरा रोज किती किलोमीटर फिरता. हे सगळं छोट्या गाड्यांबद्दल लिहितोय, म्हणजे टाटाची टियागो ईव्ही, एमजीची कॉमेट, सिट्रोएनची ईसी३ वगैरे, मोठ्या एसयूव्हीचं गणित वेगळं.

१. आधी प्लग बघा, गाडी नंतर

शाहूपुरी, गोडोलीकडं स्वतःचं घर आणि गेटच्या आत पार्किंग असेल तर अर्धं काम झालं. पेठेत वाड्यात राहत असाल आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लावत असाल तर इथंच थांबा आणि नीट विचार करा, कारण वरच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन सोडून रोज चार्ज करणं म्हणजे डोक्याला ताप आहे. साधा १५ अँपियरचा पॉइंट चालतो, पण गिझर तासाभरात बंद होतो आणि गाडी आठ-नऊ तास सलग करंट ओढते. त्यामुळं वायरमनला सांगून मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची लाइन, वेगळा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या. अर्थिंग खराब असेल तर बहुतेक चार्जर लाल लाइट लावून बसतात, चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि लोक गाडीला शिव्या देतात. चार्जिंग सुरू होऊन तासाभरानं प्लगच्या टॉपला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर सॉकेट लगेच बदला.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघा. चार्जर तीन-सव्वातीन किलोवॅटचा, वर गिझर आणि पाण्याची मोटर, एवढं एकदम लागलं तर जुन्या घराचा भार पुरत नाही, वाढवायचा अर्ज आधीच करा.

२. रोजचे किलोमीटर लिहून काढा

अंदाज नको, आठवडाभर रोज संध्याकाळी ओडोमीटरचा आकडा लिहा. पोवई नाका, राजपथ, मुलांची शाळा, देगावची एमआयडीसी असं फिरणारा माणूस बहुतेक दिवस तीस-चाळीसच्या वर जात नाही. वाईला जाऊन-येऊन सत्तरेक होतात, कराडचं रोजचं अपडाऊन असेल तर शंभर धरा. आठवड्यातला सगळ्यात जास्तीचा दिवस वेगळा मांडा, तोच पुढं लागणार आहे.

३. कंपनीच्या आकड्यातून तिसरा हिस्सा काढून टाका

टियागो ईव्ही २०२२ ला आली तेव्हा १९.२ किलोवॅट-अवरच्या (एक किलोवॅट-अवर म्हणजे बिलातलं एक युनिट) बॅटरीला २५० आणि २४ च्या बॅटरीला ३१५ किलोमीटर सांगितले होते. कॉमेटची बॅटरी १७.३ ची, सांगितलेली रेंज २३०. हे आकडे ठरावीक टेस्टचे असतात, एसी लावून माणसं भरून चालवलं की साधारण दोन तृतीयांश हातात येतात. म्हणजे मोठ्या बॅटरीच्या टियागोत दोनशेच्या आसपास, कॉमेटमध्ये दीडशे. हायवेला शंभरच्या स्पीडनं हाणली तर अजून कमी, कारण ईव्हीचं पेट्रोल गाडीच्या उलटं असतं, गावात जास्त जाते आणि हायवेला कमी.

आता तुमचा जास्तीचा दिवस दुप्पट केला तरी रेंजमध्ये बसतोय का बघा. बसत असेल तर मोठ्या बॅटरीसाठी लाखभर जास्त घालवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुणं मात्र वेगळं. एका बाजूला ११० किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट, छोटी गाडी आरामात पोचते पण परतीला कुठंतरी फास्ट चार्जर लागणारच आणि तिथं ८० टक्क्यांपर्यंत जायला तासभर मोडतो. महिन्यातून एकदा असेल तर चालतं, आठवड्याला दोनदा असेल तर ही गाडी तुमची नाही. आणि कॉमेटला तर डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे रस्त्यावरच्या त्या फास्ट चार्जरची सोयच नाही, हे बुकिंगच्या आधी माहीत असू द्या.

४. टेस्ट ड्राइव्ह यवतेश्वरला न्या

सेल्समन तुम्हाला सर्व्हिस रोडवरून एक चक्कर मारून आणेल, पिकअप दाखवेल, तुम्ही खूष. तेवढ्यावर भागत नाही. घरातली चौघं बसवा, एसी लावा, समर्थ मंदिरापाशी बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागा. शहरापासून कासपर्यंत साधारण पाचशे मीटरची चढण आहे. माणसं धरून दीड टनाची गाडी एवढी वर न्यायला नुसत्या उंचीचेच दोन युनिट जातात, रस्त्याचं वेगळं. २४ च्या बॅटरीत हे आठ-नऊ टक्के झाले, १९.२ मध्ये दहाच्या वर. त्यामुळं चढताना टक्के भराभर पडले तर घाबरू नका.

खरी गंमत उतरताना. रीजन, म्हणजे गाडी हळू होताना वीज परत बॅटरीत भरायची सोय, वरच्या लेव्हलला टाका, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच धरून उतरते आणि मोटर उलटा करंट बॅटरीत भरते. चढताना उंचीला जे गेलं त्यातलं निम्मं किंवा थोडं जास्तच परत येतं. वळणावर पाय काढल्यावर किती धरते, मागं बसलेल्यांना मळमळतंय का, ब्रेक मारला की झटका बसतो का, हे तिथंच कळतं. बॅटरी शंभर टक्के असेल तर करंट जायला जागाच नसते, मग रीजन कमी लागतं, म्हणून टेस्टला सत्तर-ऐंशी टक्के असलेली गाडी मागा. शोरूमवाले एवढं लांब नको म्हणाले तर मला तरी ते पटत नाही, आठ-नऊ लाखांची वस्तू आहे, निदान घाट तरी चढू द्या.

५. बसून, वाकून बघा

मागच्या सीटवर आजीला बसवा. बऱ्याच ईव्हीत बॅटरी खाली असल्यानं फ्लोअर वर येतो आणि गुडघे उंच राहतात. कॉमेट चारच माणसांची, दारं दोनच, आणि मागची सीट वापरात असेल तर डिकी नावालाच, पण तीन मीटरच्या आतली गाडी असल्यानं पेठेतल्या गल्लीत तिच्याएवढं सुख नाही. चौघांना बसवूनच गतिरोधकावरून काढा, खाली घासते का ऐका. स्टेपनी आहे का विचारा, बऱ्याच ईव्हीत नुसतं पंक्चर किट देतात आणि टायरची बाजू (साइडवॉल) फाटली की ते किट उपयोगाचं नाही. टियागोची बॅटरी आणि मोटर आयपी६७ आहे, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये अशी बंद केलेली, पावसाची भीती नको, मात्र ह्याचा अर्थ ओढा भरलेला असताना फरशी पुलावरून गाडी घालावी असा नाही.

६. पैशाचा हिशोब तुमच्याच बिलावर

चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं, २४ ची बॅटरी भरायला २७ युनिट धरा. गाडी आली की घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून सरासरी दर न धरता वरच्या स्लॅबचा दर धरा. समजा १३ रुपये, तर ३५० रुपयांत १९० किलोमीटर, किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. पेट्रोलची छोटी गाडी गावात सहाच्या आसपास घेते. महिन्याला हजार किलोमीटर असतील तर चारेक हजार वाचतात, तीनशेच असतील तर पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीचे दिलेले पैसे निघायला फार वर्षं जातात. बॅटरी भाड्यानं घ्यायची स्कीम सांगितली तर किलोमीटरचं भाडं या हिशोबात मिळवा आणि महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं लागतंच तेही विचारा.

७. बुकिंगच्या आधी वर्कशॉपला एक फेरी

बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी साधारण मिळते, कागदावर बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बदलून देणार ते वाचा. मग शोरूम सोडून थेट वर्कशॉपला जा. हाय व्होल्टेजचं काम करणारा माणूस इथंच आहे, की गाडी टो करून पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवतात, आणि पाठवली तर टोइंगचे पैसे कोण देतं, हे लेखी घ्या. आणि एक, ईव्हीतही १२ व्होल्टची साधी बॅटरी असतेच. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, तेव्हा ती कुठं बसवलीय आणि जंप स्टार्ट कसं करायचं ते डिलिव्हरीच्या दिवशी बॉनेट उघडून दाखवायला सांगा.