रेघेखालची सहा अक्षरे

इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना मी पहिले रोमन नाणे घेतले, ते पाकिटावरील ‘कॉन्स्टँटिनोपल टांकसाळ’ एवढे दोन शब्द वाचून. सम्राट कॉन्स्टंटाइनने ११ मे ३३० रोजी ज्या नव्या राजधानीचे उद्घाटन केले, तिथेच पाडलेले नाणे आपल्या तळहातावर आहे या कल्पनेने मी इतका हरखलो, की तबकातील तशाच इतर नाण्यांच्या तिप्पट किंमत मोजली. नाणे अस्सल होते; कॉन्स्टँटिनोपलचे मात्र नव्हते.

पुरोभागावर मस्तक, पृष्ठभागावर दोन ध्वजदंडांच्या दोन्ही अंगांना एकेक सैनिक आणि भोवती ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव, हा छाप ३३० पासून अनेक टांकसाळींनी ढिगाने पाडला. टांकसाळ कळते ती सैनिकांच्या पायांतळीच्या रेघेखालील इवल्याशा अक्षरांवरून. माझ्या नाण्यावर तिथे पी, सी, ओ, एन, एस, टी अशी सहा अक्षरे होती आणि ‘कॉन्स्ट’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, हे विक्रेत्याने आणि मी दोघांनीही गृहीत धरले. प्रत्यक्षात आजच्या दक्षिण फ्रान्समधील आर्ल या शहराला ३२८च्या सुमारास कॉन्स्टँटिना हे नाव मिळाले होते आणि ‘पी-कॉन्स्ट’ ही त्या टांकसाळीची खूण आहे. आरंभीचा ‘पी’ म्हणजे प्रीमा, टांकसाळीचा पहिला विभाग; दुसऱ्या विभागाचा ‘एस’. कॉन्स्टँटिनोपलच्या या छापावर मात्र ‘कॉन्स’ एवढेच असते आणि विभागाचे अक्षर, तेही ग्रीक, शेवटी येते. म्हणून सांगतो: विभागाचे अक्षर आधी आहे की नंतर, आणि ‘एस’पुढे ‘टी’ आहे की नाही, हे दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहा. अक्षरे झिजली असतील, तर टांकसाळीचा दावा सोडून द्या आणि त्या दाव्याचे पैसेही देऊ नका.

पुरोभागावरही हाच घोळ आहे. कॉन्स्टंटिनस (म्हणजेच कॉन्स्टंटाइन), कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स या बापलेकांच्या नावांची पहिली सात लॅटिन अक्षरे एकच आहेत, तेव्हा नावापुढील पदवी वाचावी. ‘नोब सी’, म्हणजे ‘नोबिलिसिमस सीझर’, असेल तर तो सम्राट नव्हे, सीझर या त्याखालच्या पदावरील मुलगा.

घाबरण्याचे कारण नाही. ही कांस्याची नाणी इतकी विपुल आहेत, की चूक झाली तरी एखाद्या बाहेरच्या जेवणाएवढाच फटका बसतो. सुमारे सतराशे वर्षांचे वय ऐकून भारावू नये, कारण वयाला बाजारात जवळजवळ काहीच मोल नाही. मोल आहे ते दुर्मिळतेला, नाण्यावरील अक्षरांच्या स्पष्टतेला आणि न खरवडलेल्या पृष्ठाला. घासून चकचकीत केलेले नाणे तर मी फुकटही घेणार नाही. विक्रेत्याने मागितलेला भाव बाजूला ठेवून लिलावांत प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत.

छायाचित्रावरून क्षणात नाणे ओळखून देणाऱ्या ॲपबद्दल मला मनस्वी अढी आहे, कारण ते मस्तक पाहते आणि रेघेखाली अडखळते. मार्गदर्शक शोधावा तो स्वतः नाणी न विकणारा. मला भेटलेल्या एका वृद्ध संग्राहकांनी प्रत्येक नाणे पेन्सिलीने दुप्पट आकारात काढायला लावले. तो कंटाळवाणा उद्योग मी नाखुशीने सुरू केला आणि तिसऱ्याच चित्रात, माझ्या तिप्पट किमतीच्या नाण्यावर, ‘कॉन्स्ट’च्या आधीचा ‘पी’ मला प्रथमच नीट दिसला.