नव्या आयक्यूएसी सहकाऱ्यांसाठी: विद्यार्थ्यांची माहिती गोळा करताना

नवी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात मी शिकवते आणि आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, कामही बघते. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्याकडेही एक एक्सेलची फाईल येईल. त्यात नाव, प्रवर्ग, उत्पन्न, धर्म, दिव्यांगत्व असे रकाने असतील. ती भरायची कशी हे सगळे सांगतात, पण ती जपायची कशी हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा सक्तीची माहिती आणि आपण आपल्या कामासाठी विचारतो ती माहिती वेगळी करा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात, म्हणजे आपल्या ‘आयशे’त, विद्यार्थिसंख्या प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व आणि अल्पसंख्याक अशी विभागून भरावी लागते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले लागतातच. त्यापलीकडे जे विचाराल, त्याचं उत्तर मिळाल्यावर कॉलेज त्या मुलासाठी काय करणार हे आधी ठरवा. काहीच करणार नसाल तर तो प्रश्न काढून टाका.

प्रवर्गाच्या बाबतीत सर्वांत जास्त विचार करावा लागतो. ‘आयशे’च्या तक्त्यात खुला, आर्थिक दुर्बल, एससी, एसटी आणि ओबीसी एवढेच गट आहेत. आपल्याकडे मात्र विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड आणि विशेष मागास प्रवर्ग वेगळे धरले जातात. मूळ नोंदच ढोबळ ठेवली, तर धनगर किंवा वंजारी मुलांची गळती पुढे कधी कळणारच नाही. एसटीचंही तसंच. शहापूर, मुरबाडकडून येणारी ठाकूर, वारली आणि कातकरी मुलं एकाच रकान्यात बसतात. यांतल्या कातकरींचा समावेश केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. त्यांच्यातलं बारावीपर्यंत पोचलेलं मूल पहिल्या सत्रानंतर येईनासं झालं, तरी एसटीच्या एकूण आकड्यात ते कुठेच दिसत नाही. म्हणून आतली नोंद बारकाईनं ठेवा.

पण हीच बारीक नोंद अहवालात छापली तर घात होतो. ‘तिसरं वर्ष बीएस्सी, कातकरी, मुलगी: १’ असं लिहिलं की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. पाचपेक्षा कमी आकडा आला की तो गट मोठ्या गटात मिळवून मगच बाहेर द्यायचा, असा नियम आम्ही पाळतो. तुम्हीही पाळा.

‘बीसीची मुलं उभी राहा’ असं भर वर्गात म्हणणं, शिष्यवृत्तीच्या यादीत नावापुढे जात लिहून ती फलकावर लावणं, खिडकीवर रांगेसमोर मोठ्यानं प्रवर्ग विचारणं हे ताबडतोब थांबवा. मला याचा फार त्रास होतो. ज्याचा त्याला मेसेज पाठवायला जास्त वेळ लागतो, तो द्या.

दिव्यांगत्वापुढे फक्त होय किंवा नाही असा पर्याय असेल तर बरीच मुलं ‘नाही’ लिहून मोकळी होतात. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि अध्ययन अक्षमताही येते, हे मुलांनाच माहीत नसतं. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे, पण मदतीची गरज त्याखालीही असू शकते. म्हणून ‘वर्गात, परीक्षेत किंवा ये-जा करताना तुम्हाला कोणती मदत लागेल?’ असा साधा प्रश्न ठेवा आणि तिथे प्रमाणपत्र मागू नका.

तृतीयपंथी व्यक्तींना सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी मान्यता दिली. तेव्हा तो पर्याय अर्जात हवाच. आपल्या स्वतःच्या सर्वेक्षणात ‘सांगायचं नाही’ हाही पर्याय द्या, आणि ‘कोणत्या नावानं हाक मारू?’ हे विचारा. ‘वडिलांचं नाव’ सक्तीचं करण्यापेक्षा ‘आई, वडील किंवा पालक’ असं लिहा. एकट्या आईनं वाढवलेली मुलं त्या रकान्यापाशी अडकतात.

आपल्या भागासाठी खास प्रश्नही हवेत. कोपरखैरण्यातल्या माथाडी कुटुंबातली, तुर्भ्याच्या वस्तीतली, आगरी-कोळी गावांतली आणि कसाऱ्याहून येणारी मुलं एकाच बाकावर बसतात. घरात कॉलेजला येणारे तुम्ही पहिलेच का? मोबाइल स्वतःचा की घरात मिळून एक? कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो? या शेवटच्या प्रश्नाचा आम्हाला फार उपयोग झाला. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर लोकलनं येणाऱ्यांची सकाळच्या पहिल्या तासाची हजेरी कमी का, हे त्यातून समजलं आणि प्रात्यक्षिकांची वेळ पुढे नेता आली.

फाईल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. वर्गशिक्षकाला जेवढं लागतं तेवढेच रकाने द्या, उत्पन्न आणि जात त्याच्यापर्यंत जायचं कारण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे. त्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे, म्हणून ज्युनिअर कॉलेजच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घ्या.

आणि सत्र संपायच्या आत मुलांना सांगा, तुम्ही दिलेल्या माहितीतून काय निघालं आणि आपण काय बदललं. ते सांगायला लागल्यापासून आमच्याकडे ऐच्छिक रकाने कोरे येण्याचं प्रमाण कमी झालं आहे.