गाडी बोटीत चढवण्याआधी

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला, अमेरिकन फौजेच्या तळावर, बदलीची ऑर्डर आली की आपल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ मिळते का, शाळा तळावर की बाहेर, थंडी किती. गाडीच्या वॉरंटीचं कोणी विचारत नाही. आठ वर्षांपूर्वी आम्हीही नव्हतं विचारलं. माझं माहेर साताऱ्याचं. आमच्याकडे फौजेत गेलेला माणूस काळी लोखंडी ट्रंक घेऊन बदलीच्या गावी जातो. आमचे हे अमेरिकन आर्मीत, म्हणून सरकारी खर्चाने अख्खी गाडी बोटीतून आली. गाडी नवीकोरी, मग काळजी कसली, असंच वाटलं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी गाडीखाली बर्फावर गुलाबी डाग दिसला. कूलंट. वॉटर पंप गळत होता. गावात त्याच कंपनीचं शोरूम आहे, तिथे नेली. काउंटरवरच्या माणसाने व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वॉरंटीचा रकाना कोरा. गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, त्यांच्या हिशेबात ती नव्हतीच. दुरुस्त करून देतो म्हणाला, पण बिल तुमचं. भरलं. नंतर अमेरिकेतल्या कंपनीकडे पैसे मागितले, तर उत्तर आलं की आधी परवानगी का घेतली नाही, आणि जुना पंप कुठे आहे? जुना पंप केव्हाच भंगारात गेला होता.

तेव्हा कुठे पुस्तिका नीट वाचली. अमेरिकेत नव्या गाडीला साधारण ३ वर्षं किंवा ३६,००० मैल सगळ्याची, आणि इंजिन-गिअरबॉक्सची बहुधा ५ वर्षं किंवा ६०,००० मैल अशी वॉरंटी असते. जे आधी भरेल ते. पण ती कुठे चालेल हे आतल्या पानात बारीक अक्षरात असतं, आणि पुष्कळ पुस्तिकांत तिथे अमेरिका आणि कॅनडा एवढंच लिहिलेलं सापडतं. काही कंपन्या परदेशी तैनात असलेल्यांसाठी वेगळी सोय ठेवतात, काही नाही. गाडी सरकारने पाठवली म्हणून कंपनी बांधील होत नाही. वर बोटीत गाडी उभी असते ते आठवडेही मुदतीतूनच जातात.

म्हणून ऑर्डर हातात पडली की पॅकिंगच्या आधी कंपनीच्या अमेरिकेतल्या ग्राहक विभागाला ईमेल टाका. जर्मनीतलं शोरूम फुकट दुरुस्ती करेल का? नसेल तर आम्ही भरलेले पैसे परत मिळतील का? त्यासाठी आधी कोणाची परवानगी लागते? फोनवर सगळे गोड बोलतात, त्याला काडीची किंमत नाही. उत्तर लेखी घ्या आणि छापून गाडीतच ठेवा.

गाडीवर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालेला असेल तर तो तिकडेच उरकून घ्या. काम फुकट होतं, आणि सुरक्षेचा रिकॉल बाकी असेल तर बोटीसाठी गाडी घेतच नाहीत. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं. टाकीत पेट्रोल पाव किंवा त्याहून कमी हवं, हे लोक हमखास विसरतात आणि दारातून परत फिरतात.

शोरूमवाल्याने गळ्यात मारलेली जादा वॉरंटी असेल तर तिची कागदपत्रंही काढा. इथे चालत नसेल तर रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे मागा. गाडी लीजवर असेल तर परदेशी बदलीची ऑर्डर दाखवून लीज मोडता येते. लेखी नोटीस, ऑर्डरची प्रत, आणि १५ दिवसांत गाडी परत. कायदा तुमच्या बाजूने आहे, शोरूमवाला काही का म्हणेना.

सर्व्हिसिंगबद्दल एक गैरसमज फार आहे. ऑइल कंपनीच्याच शोरूममध्ये बदललं नाही तर वॉरंटी जाते, असं लोक समजतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे कंपनीला तशी अट घालता येत नाही. तळावरच्या ऑटो स्किल्स सेंटरमध्ये, म्हणजे आपली गाडी आपणच दुरुस्त करायच्या गॅरेजमध्ये, स्वतः बदललंत तरी चालतं. फक्त ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि मैलांची नोंद हवी. माझ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात असतात. आणि जर्मन मेकॅनिकचं बिल तिथल्या तिथे तपासा. आपल्या गाडीचा आकडा मैलांत, पण सवयीने तो पुढे किलोमीटर लिहितो. एकदा ३१,२०० मैलांचे ३१,२०० किलोमीटर झाले, आणि मागच्या बिलापेक्षा गाडी कमी चालल्यासारखी दिसली! ते निस्तरायला दोन महिने गेले.

खिशातून द्यायची वेळ आलीच तर तळावरच्या व्हॅट ऑफिसचा करमाफीचा फॉर्म आधी आणा. बिलातला १९ टक्के कर वाचतो. पैसे भरून झाल्यावर फॉर्म नेलात तर उपयोग नाही. टायरमधल्या हवेच्या सेन्सरची गंमत वेगळीच. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत तो ३१५ मेगाहर्ट्झचा असतो, इथे ४३३ चा मिळतो. बसवला तरी डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही. येतानाच एखादा जादा आणा.

इथेच जर्मन दुकानदाराकडून गाडी घेणार असाल तर तिचा हिशेब निराळा. नव्या गाडीतल्या दोषांसाठी विकणारा कायद्याने २ वर्षं जबाबदार असतो, त्याला गेवेरलाइस्टुंग म्हणतात. कंपनी आपल्या मर्जीने देते ती गारंटी. भांडायला जाताना दोन्हींत गल्लत करू नका.

पुढे आमचा अल्टरनेटर गेला. या वेळी आधी ईमेल, मग परवानगी, मग दुरुस्ती. मेकॅनिकने जुना अल्टरनेटर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, मी त्याच्यावरच्या नंबराचा फोटो पाठवला आणि पैसे आले. ती वॉरंटी संपून वर्षं झाली. अल्टरनेटर अजून तळघरात आहे, हे दर दिवाळीच्या साफसफाईत विचारतात टाकू का म्हणून. मी राहू दे म्हणते.