आईला फॅमिली पेन्शन लागल्यावर राहिलेली गुंतवणूक

दरमहा आईसाठी जाणारे 18,000 मोकळे झाले की ते घरखर्चात कधी जिरले ते कळतही नाही. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशीची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) लावली, दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढणारी. मागचं भरून काढायला एकदम जोखमीचे शेअर घेणं म्हणजे शुद्ध मटका.

बंद पडलेलं पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं आधी चालू केलं. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 आणि दंड 50. सहा वर्षांचे 3,300, वर चालू वर्षाचे 500. पोस्टात लेखी अर्ज आणि पासबुक द्यायचं. वर्षाला दीड लाखापर्यंत भरायची मर्यादा मात्र गेलेल्या वर्षांसाठी परत मिळत नाही. पैसे 5 तारखेपर्यंत जमा हवेत. 6 तारखेला भरले तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडालं.

कराच्या बाबतीत गोंयकारांची, म्हणजे गोव्याच्या लोकांची, गोष्ट वेगळी. सामाईक मालमत्तेच्या लग्नात, म्हणजे मालमत्ता दोघांची मिळून असते तिथे, आयकर कायद्यानुसार ठेवींचं व्याज, घरभाडं आणि भांडवली नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरतात, पगार नाही. त्यामुळे विवरणपत्रात जोडीदाराचा पॅन द्यायचा आणि एकाच्या नावावर कापलेला टीडीएसही (पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर) वाटून दाखवायचा, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि कराचा रिफंड अडकतो.