कापडाच्याच रंगाचा दोरा असताना फ्री-मोशन क्विल्टिंगचे टाके दिसायचे कसे?

फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये, म्हणजे गोधडीचे थर हातांनी हवे तसे फिरवत मशीनवर नक्षी शिवताना, पांढऱ्यावर पांढरा दोरा घेतला की वेडीवाकडी वळणं झाकली जातात, हा फायदा. पण आधीची टीप कुठून गेली, ते शिवणाऱ्यालाही दिसेनासं होतं. रंगात फरक नसला की डोळ्यांना आधार फक्त सावलीचा, त्यामुळे आधी दिव्याकडे बघा.

मशीनचा दिवा वरून सरळ पडतो, म्हणून टिपेची खोलगट रेघ सपाट दिसते. तो बंद करा, डोक्यावरचा दिवाही मंद करा. मग वाकत्या मानेचा एक टेबललॅम्प मशीनच्या डावीकडे, कापडापासून साधारण 10 ते 15 सेंमी उंचीवर ठेवा. प्रकाश कापडाला घासून गेला पाहिजे. उजवीकडे मशीनचा खांब आड येतो. दोन्ही बाजूंना दिवे लावू नका, एकाची सावली दुसरा पुसतो.

तरी काही रेघा हरवतील, कारण प्रकाशाच्या दिशेनेच जाणाऱ्या टिपेची सावली पडत नाही. दिवा डावीकडे असेल तर उभ्या रेघा उठून दिसतात, आडव्या पुसट होतात. आडव्या रेघांचं काम आलं की दिवा मशीनच्या मागे सरकवा. कंटाळवाणं आहे, पण उसवत बसण्यापेक्षा बरं.

फूट, म्हणजे सुईभोवतीचा मशीनचा पाय, समोरून उघडा असलेला (ओपन-टो) घ्या. बंद गोल फुटाची कडा नेमकी हवी तिथेच आड येते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे शिवलेल्या टिपेवरूनच परत येणं, उदाहरणार्थ पानाच्या देठावरून. कापड आपल्याकडे ओढत गेलात, तर पुढची रेघ फुटाच्या दांडीमागे लपते. आपल्यापासून दूर ढकललंत, तर ती सुईच्या अलीकडे, डोळ्यांसमोर राहते. म्हणून जाताना ओढा, येताना ढकला, आणि नमुना तसाच फिरवून लावा. नजर सुईवर नको, तिच्या अर्धा-एक सेंमी पुढे ठेवा. थांबायचं तर सुई कापडात रुतवूनच.

खूप परतीच्या टिपा असलेला नमुना अशा दोऱ्याने करायचा असेल, तर आधी आखून घ्या. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणा धुण्याआधी इस्त्री करू नका, त्या पक्क्या बसू शकतात. उष्णतेने जाणारी शाई थंडीत पुन्हा उमटू शकते. खडू निरुपद्रवी, पण हाताखाली लवकर पुसला जातो. थोडं थोडं आखा.

बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, मात्र वेगळा रंग घालायचा मोह टाळा. दोऱ्याचा ताण जरासा बिघडला तरी त्याचे ठिपके वर येतात.

आणखी एक फसगत: बॉबिन संपली तरी मशीन चालतच राहतं आणि बराच वेळ कळत नाही. दर थांब्याला बोट फिरवून टाके लागतायत का बघा, अधूनमधून क्विल्ट उलटा. खाली दोऱ्याचा गुंता दिसला, तर बहुधा फुटाचा खटका खाली केलेला नसतो किंवा वरचा दोरा त्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा.

एवढं करूनही दिसत नसेल, तर एक छटा गडद दोरा घ्या. हातभर अंतरावरून फरक कळत नाही, सुईपाशी कळतो.