लॉनखाली पाइप टाकायचा परवाना : टेक्सासमधला माझा अनुभव

बागेचं सिंचन बसवायच्या परवान्यासाठीच्या चाळीस तासांच्या वर्गात तिसऱ्या दिवशी सराव चाचणी झाली. त्यात माझा एक प्रश्न चुकला, आणि चुकला तो मला ठिबक येत होतं म्हणून. प्रश्न साधा होता. घरच्या बागेच्या लाइनमध्ये खत सोडायची सोय असेल, तर पाणी उलटं जाऊ नये म्हणून कुठलं उपकरण बसवाल? मी ‘डबल चेक’वर, म्हणजे नुसत्या दोन झडपांच्या उपकरणावर, खूण केली. माहेरी डाळिंबाला व्हेंचुरीतून खत सोडताना मी लहानपणापासून पाहिलंय. बादलीत विद्राव्य खत कालवायचं, नळी बुडवायची, व्हॉल्व्ह जरा दाबायचा, बादली रिकामी झाली की झालं. त्यात कसला आलाय धोका?

शिकवणाऱ्यानं विचारलं, “तुमच्या शेताची लाइन आणि शेजाऱ्याचा पिण्याचा नळ एकाच पाइपवर होते का?”

नव्हते. आमची लाइन विहिरीवर. इथे लॉनचं पाणी आणि स्वयंपाकघरातलं पाणी शहराच्या एकाच पाइपमधून येतं. रस्त्यातली मुख्य लाइन फुटली किंवा आगीच्या बंबासाठी हायड्रंट उघडला की दाब पडतो, आणि लॉनमधलं खत, कुत्र्याची घाण, जे असेल ते नळाकडे उलटं ओढलं जाऊ शकतं. म्हणून रसायन सोडायचं असेल तर ‘आरपीझेड’च हवं. दोन झडपा, त्यांच्यामध्ये गडबड झाली तर पाणी बाहेर टाकणारी तिसरी वाट, आणि सगळं जमिनीपासून किमान १२ इंच वर. महाग असतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. आवारात सेप्टिक टँक असली तरी हाच नियम.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा परवाना पाइप जोडण्याच्या कौशल्याचा कमी आणि दुसऱ्याच्या पाण्याला हात लावण्याचा जास्त आहे. कृषी अभियांत्रिकी करून इकडे आलेली मुलंमुली हल्ली विचारतात, “ताई, आपल्याला तर सगळं येतं, परीक्षा सोपी जाईल ना?” हायड्रॉलिक्स जाईल. बाकीचं मुळापासून शिकावं लागेल.

मी राहुरीला शिकले, लग्न करून डॅलसजवळ आले, आणि काही वर्षं एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, घरी बसले. २०१५ साली माझ्यासारख्या काही जणींना काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा एका इरिगेशन कंपनीत चर खणणाऱ्या टोळीत लागले. (व्हिसाची परवानगी वेगळी आणि राज्याचा परवाना वेगळा. एक हातात आहे म्हणून दुसरा असल्यासारखं वागू नका.)

आता कायद्याबद्दल. टेक्सासमध्ये बागेचं सिंचन बसवणाऱ्यांना परवाना लागतो तो १९७९ पासून. पण खरा जोर आला २००७ च्या ‘हाउस बिल १६५६’नं. २०,००० किंवा जास्त वस्तीच्या प्रत्येक शहरानं स्वतःचा सिंचन-नियम करावा, बसवणाऱ्याकडे परवाना आणि कामासाठी शहराचं परमिट मागावं, असं त्यात आलं. राज्याच्या पर्यावरण आयोगानं, म्हणजे टीसीईक्यूनं, त्याबरोबर नियम नव्यानं बांधले आणि ते १ जानेवारी २००९ पासून लागू झाले. ते ‘प्रकरण ३४४’ मध्ये आहेत. वर्गाला जाण्याआधी हे प्रकरण दोनदा वाचा. मी वर्गानंतर वाचलं, ही माझी चूक.

लॉनसाठी एवढा बंदोबस्त कशाला, असं मलाही वाटायचं. उन्हाळ्यात इथल्या उपनगरांतल्या घरांत पाण्याचा मोठा हिस्सा बाहेर गवतावर जातो आणि ते पाणी पिण्याचं, शुद्ध केलेलं असतं. २०११ चा दुष्काळ हा टेक्सासच्या नोंदींतला एका वर्षाचा सर्वांत वाईट दुष्काळ. त्यानंतर डॅलस शहरानं २०१२ पासून स्प्रिंकलर आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस चालवायचं बंधन घातलं. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ बंद.

परवाने तीन. टेक्निशियनला ८ तासांचा वर्ग. तो इरिगेटरच्या हाताखाली बसवतो, दुरुस्त करतो; आराखडा करू शकत नाही, स्वतःच्या नावानं काम घेऊ शकत नाही. इरिगेटरला ४० तासांचा वर्ग. तिसरा इन्स्पेक्टर, तो शहरासाठी तपासतो. प्रत्येकाची परीक्षा, ७० टक्क्यांना पास. माझ्या वेळी अर्जाची फी १११ डॉलर होती. परवाना तीन वर्षं चालतो आणि तेवढ्या काळात इरिगेटरनं २४ तासांचं पुढचं शिक्षण करायचं असतं. स्वतःच्या घरी स्वतः बसवणाऱ्याला, शेतीला आणि बागेतल्या नळाला जोडलेल्या नळीला हे लागू नाही.

माझं ऐकाल तर आधी टेक्निशियन व्हा, निदान एक उन्हाळा काढा आणि मग इरिगेटरची परीक्षा द्या. थेट परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हुशार लोक मी पाहिलेत. चालू लाइनवर व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली की ते पाणी बंद करायला मीटर कुठे आहे ते शोधत फिरतात.

परीक्षेत आपल्याला एककं नडतात. आपल्याकडे शेतकरी म्हणतो, “दीड किलो दाब आहे.” इथे पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड. आपला एक किलो (चौरस सेंटिमीटरला) म्हणजे साधारण १४.२ पीएसआय, आणि १ पीएसआय म्हणजे २.३१ फूट पाण्याची उंची. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, किती सोपं! इथे मात्र पाऊस-दर, म्हणजे स्प्रिंकलर तासाला किती पाणी पाडतो ते, काढायला ९६.२५ गुणिले गॅलन प्रतिमिनिट भागिले चौरस फूट, तेव्हा उत्तर इंच प्रतितासात येतं. १२ गॅलन आणि ८०० चौरस फूट असेल तर १.४४ इंच. हा ९६.२५ पाठ होईना, म्हणून मी तो उलगडून पाहिला. गॅलनमध्ये २३१ घनइंच, गुणिले ६० मिनिटं, भागिले चौरस फुटातले १४४ चौरस इंच. २३१ आणि २.३१ यांचा एकमेकांशी संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण मला दोन्ही त्याच योगायोगामुळे लक्षात राहिले.

आराखड्याचे काही नियम डोक्यात बसवून घ्या, पेपरातही येतात आणि कामावरही. पीव्हीसीत पाण्याचा वेग सेकंदाला ५ फुटांपेक्षा जास्त नको. पाइपावर निदान ६ इंच चांगली माती हवी. काँक्रीटपासून ४ इंचांच्या आत स्प्रे नको. एका झोनमधल्या, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या भागातल्या, सगळ्या नोझलचा पाऊस-दर सारखा हवा. स्वयंचलित यंत्रणेला पाऊस किंवा ओलावा ओळखून बंद होणारी सोय हवीच. आणि रस्ता व पदपथ यांच्यामधली ४८ इंचांहून अरुंद पट्टी असेल तर तिथे स्प्रे चालत नाही.

या शेवटच्या नियमानं माझी नोकरी तारली म्हणा ना. फोरमन मेक्सिकोचा, वीस वर्षं या धंद्यात, स्प्रिंकलरचा बादशहा, पण अरुंद पट्टीत ठिबक टाकायचा त्याला कंटाळा. मी लॅटरल (ठिबकची नळी) अंथरली, टोकं धुऊन काढली, मग एंड कॅप लावल्या. “आधी धुवायचं कशाला?” त्यानं विचारलं. शेवटच्या टोकातून चर खणतानाची काळी गाळमिश्रित धार निघाली ती मी त्याला दाखवली. त्यानंतर पट्ट्या माझ्याकडे आल्या.

डॅलसची माती बघून मला घरच्यासारखं वाटलं होतं. अगदी आपली कापसाची काळी! उन्हाळ्यात तशाच भेगा पडतात, पावसात तसाच चिकट राडा. इथले लोक लॉनइतकंच घराच्या पायालाही पाणी देतात, माती आकसून पाया तडकू नये म्हणून. तर ही माती पाणी पिते सावकाश, आणि स्प्रे पाडतो तासाला दीड इंच. सलग वीस मिनिटं चालवलं की निम्मं गटारात. म्हणून थोडं चालवायचं, जिरू द्यायचं, पुन्हा चालवायचं.

खोदाईआधी ८११ ला फोन करा, दोन कामाचे दिवस आधी. मग वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात : पिवळा गॅस, लाल वीज, नारिंगी केबल, निळा पाणी. पहिल्याच महिन्यात माझ्या कुदळीखाली नारिंगी रेघेपासून हातभर लांब एक केबल तुटली आणि अख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं. रेघ म्हणजे अंदाज. तिच्या आसपास हातानंच, हळू खणायचं.

आता एक जरा कटू गोष्ट. मला इरिगेटरचा परवाना मिळाल्यावर ओळखीच्या एका ठेकेदारानं घरी येऊन गोड बोलून विचारलं, “तुम्ही घरीच बसा, फक्त तुमचा नंबर आमच्या गाड्यांवर राहू द्या. महिन्याला पैसे पोहोचतील.” इथे गाडीच्या दोन्ही बाजूंना ‘एलआय’ आणि परवान्याचा क्रमांक किमान दोन इंच उंच अक्षरांत लिहावा लागतो. आराखड्यावर इरिगेटरचा शिक्का आणि सही लागते. काम चालू असताना इरिगेटर किंवा टेक्निशियन जागेवर हजर हवा. यातलं काहीही न करता तो माझा नंबर भाड्यानं मागत होता. नवऱ्याला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू, घराचे हप्ते होतेच. मी विचारलं, उद्या कुणाच्या स्वयंपाकघरातल्या नळाला खत आलं तर आयोगाचं पत्र कुणाच्या नावे येईल? चहा पिऊन तो गेला. नव्या माणसाला ही मागणी हमखास येते. गरज आहे हे समोरच्याला कळतं ना.

कायद्याची मला खटकणारी बाजूही सांगते. तो नव्या यंत्रणेचा आराखडा घट्ट बांधतो. पण पाण्याच्या वेळा लावायच्या कंट्रोलरचं बटण शेवटी घरमालकाच्या हातात. त्यावर त्यांनी एक उपाय ठेवलाय, तो म्हणजे काम संपल्यावरची फेरी. मालकाला बरोबर घेऊन सगळं फिरून दाखवायचं, प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपांचा नकाशा द्यायचा, ऋतूप्रमाणे पाण्याचं वेळापत्रक द्यायचं, देखभालीची यादी द्यायची, सही घ्यायची. बरेच जण हे दहा मिनिटांत उरकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त पाणी वाचतं ते याच फेरीत.

डॅलसजवळच्या प्लेनोमधले एक काका, मूळचे सांगलीकडचे. बिल फार येतं म्हणून बोलावलं. रोज भर दुपारी वीस मिनिटं स्प्रिंकलर चालू.

“काका, आठवड्यात दोन दिवस, पहाटे. आणि एकदम वीस मिनिटं नको, सहा-सहा मिनिटांच्या तीन पाळ्या.”

“अगं, आम्ही उसाला पाट भरभरून पाणी दिलंय. हे तर गवत. त्याला काय तीन-तीनदा चहा पाजायचा?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एकसारखे, सरळ काठाचे रिकामे डबे मागितले. इथले लोक त्यासाठी ट्यूना माशाचे डबे वापरतात. काकूंकडे ते कुठले असणार! त्यांनी छोल्यांचे नऊ डबे काढून दिले. एका झोनमध्ये ते मांडले, पंधरा मिनिटं पाणी सोडलं आणि पट्टीनं मोजलं. कुठे १४ मिलिमीटर, कुठे ४. दोन हेड, म्हणजे स्प्रिंकलरची तोंडं, कलले होते, आणि आधीच्या कुणीतरी स्प्रेच्या झोनमध्ये मध्येच एक रोटर, म्हणजे फिरत पाणी फेकणारा हेड, बसवला होता. रोटरचा पाऊस स्प्रेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. त्या कोपऱ्यातलं गवत वाळत होतं म्हणून काका सगळ्या लॉनला पाणी वाढवत गेले होते. रोटर काढला, हेड सरळ केले, पुन्हा मोजलं. काका वाकून डब्यांत बघत होते, काही बोलले नाहीत. पहाटेची वेळ मात्र त्यांनी स्वतःच लावली.

दुसऱ्या राज्यात राहत असाल तर यातले आकडे तसेच घेऊ नका. कॅलिफोर्नियात हे काम सी-२७ या लँडस्केपिंगच्या ठेकेदार-परवान्याखाली येतं, नॉर्थ कॅरोलायनात सिंचन ठेकेदारांचं वेगळं मंडळ आहे, आणि काही राज्यांत परवानाच नाही. हाउसिंग असोसिएशन हिरव्यागार लॉनचा हट्ट धरत असेल तर टेक्सासमध्ये २०१३ पासून कायदा तुमच्या बाजूनं आहे. कमी पाण्याची झाडं लावायला ते सरसकट बंदी घालू शकत नाहीत. आराखडा मंजूर करून घ्या म्हणू शकतात, एवढंच.

काकूंनी ते छोल्यांचे डबे धुऊन गॅरेजमध्ये ठेवलेत. दर एप्रिलला काका ते स्वतः मांडतात आणि नऊ आकडे मला व्हॉट्सअॅपवर पाठवतात. यंदा सातव्या डब्यात निम्मंच पाणी होतं. जाऊन पाहिलं तर नोझलच्या जाळीत वाळू अडकली होती. काका शेजारी उभे राहून म्हणाले, “मी म्हटलंच होतं, सातव्याचं काहीतरी बिनसलंय.”