पदवी नाही आणि इंग्रजी शिकवायला बाहेर जायचंय? आधी नावाचं स्पेलिंग बघा

बारावीनंतर कॉलेज सुटलं, इंग्रजी मात्र चांगलं आहे, बाहेर जाऊन शिकवता येईल का, असं विचारणारे गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचे तिघे जण महिन्याभरात भेटले. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी कंबोडियाला दोनदा गेले. पहिल्या खेपेला सात आठवड्यांत परत यावं लागलं, तेही आडनावाच्या स्पेलिंगमुळे.

आमचं आडनाव नाईक. पोर्तुगीज अमलातल्या नोंदींमुळे जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर त्याच्या शेवटी क्यू-यू-ई आहे. शाळेत बाईंनी साधा के लिहिला, तो थेट बारावीच्या सर्टिफिकेटपर्यंत गेला. टेफल, म्हणजे परक्या भाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचा ऑनलाइन फॉर्म भरताना मीही सवयीने के टाकला. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हच्या एका शाळेत मुलाखत झाली, नमुना तास झाला, वर्गही ठरला. मग ऑफिसातल्या बाईंनी पासपोर्ट आणि टेफलचं सर्टिफिकेट शेजारी ठेवलं, शेवटच्या तीन अक्षरांवर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि विचारलं, "ही दुसरी कोण?" दुरुस्त सर्टिफिकेट यायला तीन आठवडे गेले. तोवर वर्ग दुसऱ्याला दिला होता आणि माझे पैसे संपत आले होते.

तेव्हा कुठलाही फॉर्म भरण्याआधी पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर त्यातूनच उतरवा. पासपोर्टवर तुमच्या नावातच वडिलांचं नाव असेल तर फॉर्मवरही हवं. परब-पोरोब, कामत-कामोती अशी दोन-दोन रूपं असलेल्या घरांनी तर जास्तच जपायला हवं. बोर्डाचं सर्टिफिकेट बदलून घेणं लांबचं काम आहे. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. गोव्यातल्या वकिलांना ते नवीन नाही.

आता देश. कोरिया, चीन, व्हिएतनाम विसरा, तिथे शिक्षकाच्या व्हिसालाच पदवी लागते. "टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू" असं म्हणणाऱ्या शाळेला तिथल्या तिथे नाही म्हणा, कारण पकडलं तर परत पाठवतात ते तुम्हाला. कंबोडियात भाषेचे क्लास आणि छोट्या खाजगी शाळा पदवीशिवाय घेतात. मोठ्या इंटरनॅशनल शाळा घेत नाहीत. भारतीय पासपोर्ट बघून पगार कमी सांगणारेही भेटतात, मला भेटले. मला ते अजूनही अन्यायाचं वाटतं, पण ते धरूनच हिशेब करा.

कोर्स किमान १२० तासांचा घ्या. दोन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्यांकडे जाऊ नका. परवडत असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करा. त्याला पदवीची अट नाही आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं. हे सहा तास फार मोलाचे आहेत. तिथली मुलं 'राईस'मधला शेवटचा स सोडून देतात. ओठ-दात दाखवून तो स कसा काढून घ्यायचा हे व्हिडिओ बघून येत नाही, कुणीतरी मागे बसून तुमचा तास बघावा लागतो. आणि सर्टिफिकेटवर छापायचं नाव कोर्सवाले तुम्ही भरलेल्या फॉर्मवरूनच घेतात. पुन्हा सांगते, पासपोर्टवरचं नाव.

पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेच्या साइटवरून मागवा, फी ५०० रुपये. तो ठराविक देशासाठीच मिळतो, त्यामुळे देश पक्का झाल्यावरच अर्ज करा. पोलिस चौकशीला येतील तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. हातात आला की घडी घालण्याआधी नाव वाचा.

कंबोडियाचा व्हिसा ई वर्गाचा घ्या, टी म्हणजे टुरिस्ट वर्गाचा नाही. विमानतळावर टी ३० डॉलरला आणि ई ३५ डॉलरला मिळतो. पाच डॉलर वाचवायला टी घेऊ नका, तो एकदाच महिनाभर वाढतो. ई वर्षभरासाठी वाढवता येतो आणि वर्क परमिट त्यावरच होतं.

एजंट नको. शिकवायच्या किंवा डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी म्हणून नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेले पुष्कळ आहेत. सुमारे २५० भारतीयांना कंबोडियातून सोडवून परत आणल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं होतं. कुणी पासपोर्ट "ठेवायला" मागितला तर देऊ नका. शाळेच्या नावावर विश्वास न ठेवता तिथल्या चालू शिक्षकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. नॉम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर घरीही देऊन ठेवा.

बाकी भराभर सांगते. दोन-तीन महिन्यांचा खर्च हातात हवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या, फाटकी नोट तिथे कुणी घेत नाही. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्षाची सुट्टी असते, तेव्हाचा पगार मिळतो का ते आधी विचारा. डासांचं औषध घ्या. कपडे आपल्याकडचेच चालतात.

निघायच्या आदल्या आठवड्यात पासपोर्ट, बारावीचं सर्टिफिकेट, टेफल, पोलिस क्लिअरन्स आणि तिकीट टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचं नाव घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावा. दुसऱ्या खेपेला माझे कागद आईने वाचले. तिकिटावर पुन्हा के पडला होता, तो तिलाच सापडला.